मर्जी संपलेल्या घराण्यात लग्न: नताल्या शेरेमेतेवाचे प्रकरण (1730)

प्रकरण अभ्यासात नावे झाकण्याचा प्रघात आहे. इथली माणसे जवळपास तीनशे वर्षांपूर्वीची आणि इतिहासात नोंदलेली असल्याने त्यांची नावे तशीच ठेवली आहेत. तारखा त्या काळच्या रशियन, म्हणजे ज्युलियन, पंचांगाप्रमाणे आहेत. आजच्या हिशेबासाठी त्यांत अकरा दिवस मिळवावेत.

पार्श्वभूमी

नताल्या बोरिसोव्हना शेरेमेतेवा 17 जानेवारी 1714 रोजी जन्मली. वडील बोरिस शेरेमेतेव्ह पीटर द ग्रेटचे फील्ड मार्शल होते आणि सैनिकांत त्यांच्याविषयी मोठी आपुलकी होती. ते 1719 मध्ये वारले, तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. आई 1728 मध्ये गेली. चौदाव्या वर्षी पोरकी झालेली ही मुलगी थोरल्या भावाच्या छत्राखाली आली खरी, पण तो थोरला भाऊ प्योत्र तिच्याहून जेमतेम एका वर्षाने मोठा होता. पीटरने 1714 मध्ये केलेल्या वारसा कायद्यानुसार स्थावर मिळकत एकाच मुलाकडे जात असे, म्हणून शेरेमेतेव्हांची अफाट दौलत या कोवळ्या मुलाच्या नावावर होती. नाव मोठे आणि घरात जाणते माणूस कोणी नाही, ही परिस्थिती पुढच्या सगळ्या घटनांच्या मुळाशी आहे.

दरबारातही पोरवयाचेच राज्य होते. दुसरा पीटर 1727 मध्ये गादीवर आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. सुरुवातीला त्याला पीटर द ग्रेटच्या मर्जीतला जुना सरदार मेन्शिकोव्ह याने ताब्यात ठेवले आणि आपली मुलगी मारिया हिच्याशी त्याचा वाङ्निश्चयही उरकून घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात मेन्शिकोव्ह उलथला. कुटुंबकबिल्यासह त्याची रवानगी सायबेरियातल्या बेर्योझोव्ह या गावी झाली आणि 1729 संपण्यापूर्वी बाप आणि लेक दोघेही तिथेच मेले. रिकाम्या झालेल्या जागी डोल्गोरुकोव्ह घराणे आले. तरुण सम्राटाला शिकारीचा नाद होता आणि इव्हान डोल्गोरुकोव्ह त्याचा जिवलग सोबती होता. विशीतच तो दरबारातला सर्वोच्च कारभारी आणि गार्ड पलटणीचा मेजर झाला. 30 नोव्हेंबर 1729 रोजी इव्हानची बहीण एकातेरिना सम्राटाची वाग्दत्त वधू झाली, आणि पुढच्याच महिन्यात, 24 डिसेंबरला, इव्हानचा नताल्याशी वाङ्निश्चय झाला.

या समारंभाचे वर्णन तिने स्वतः लिहून ठेवले आहे. एक बिशप आणि दोन मठाधिपती विधीला होते. सम्राट, राजघराण्यातली मंडळी आणि परदेशी वकील हजर होते. वराची अंगठी बारा हजार रूबलची आणि वधूची सहा हजारांची होती. तिच्या भावाने होणाऱ्या मेव्हण्याला सहा पूड, म्हणजे सुमारे शंभर किलो, चांदीची जुनी भांडी दिली. बाहेर रस्त्यावर लोकांची दाटी झाली होती, आणि जुन्या फील्ड मार्शलची लेक मोठ्या घरी पडते आहे याचा त्यांना आनंद होता. डोल्गोरुकोव्हांना या सोयरिकीतून हेच हवे असावे, असे मला वाटते. त्यांच्याकडे सत्ता होती, पण लोकांची माया नव्हती. शेरेमेतेव्ह नावाला ती वडिलांपासून मिळालेली होती.

अडचण

6 जानेवारी 1730 रोजी नदीवरच्या जलपूजनाच्या समारंभात सम्राट कडाक्याच्या थंडीत ताटकळला आणि आजारी पडला. पाठोपाठ देवी आल्या. 19 जानेवारीच्या पहाटे, ज्या दिवशी त्याचे लग्न ठरले होते त्याच दिवशी, तो मॉस्कोत वारला. त्याचे वय चौदा होते. नताल्याला सोळावे वर्ष पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते.

नातेवाईक बातमी घेऊन आले तेव्हा ती झोपेतून उठलीही नव्हती. आपल्या आठवणींत ती सांगते की, राजा गेला की त्याच्या मर्जीतली माणसे मरतात हा आपल्या राज्याचा रिवाज तिला चांगला ठाऊक होता. हे विधान लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे तिच्यावर काव्ये लिहिणाऱ्यांनी तिला भाबडी प्रेमिका करून टाकले. तिने स्वतः मात्र धोका पहिल्याच दिवशी ओळखला होता असे नोंदवले आहे. मेन्शिकोव्हच्या मुलीचे काय झाले हे मॉस्कोत सगळ्यांना माहीत होते, आणि तीही वाग्दत्त वधूच होती.

तिला माहीत नव्हते ते वेगळेच. सम्राट शेवटच्या घटका मोजत असताना डोल्गोरुकोव्हांनी एकातेरिनाला वारस ठरवणारे खोटे मृत्युपत्र तयार केले होते, आणि त्याच्या एका प्रतीवर इव्हानने सम्राटाच्या अक्षराची नक्कल करून सही केली होती. ते कागद वापरले गेले नाहीत. पण ज्या माणसाशी लग्न करायचे की नाही हे ती ठरवत होती, त्याच्या डोक्यावर मर्जी जाण्याच्या संकटाबरोबर देहान्ताची शिक्षा होऊ शकेल असा एक गुन्हाही टांगलेला होता.

राज्यकारभार पाहणाऱ्या सर्वोच्च गुप्त परिषदेने पीटर द ग्रेटची पुतणी, कूरलँडची विधवा डचेस अ‍ॅना इव्हानोव्हना हिला गादीवर बोलावले, आणि तिचे अधिकार बांधणाऱ्या अटींवर तिची सही घेतली. परिषदेत डोल्गोरुकोव्ह होतेच. 25 फेब्रुवारी 1730 रोजी गार्डच्या अधिकाऱ्यांच्या आणि सरदारांच्या पाठिंब्यावर अ‍ॅनाने तो कागद सर्वांदेखत फाडला. त्या दिवसापासून डोल्गोरुकोव्हांचे काय होणार हा प्रश्न उरला नव्हता. कधी होणार एवढेच बाकी होते.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग सोयरीक मोडण्याचा होता आणि तो कायद्याने पूर्ण मोकळा होता. जुन्या मॉस्को राज्यात लग्नाचा करार मोडणाऱ्याला जबर दंड भरावा लागे. पीटरने 1702 च्या हुकमाने तो दंड बंद केला, वाङ्निश्चय आणि लग्न यांत सहा आठवड्यांचे अंतर ठरवून दिले, आणि लग्न लागेपर्यंत दोन्ही बाजूंना माघार घेण्याची मुभा दिली. नातेवाइकांनी तिला हेच समजावले: तू अजून लहान आहेस, दुसरे स्थळ मिळेल, यापेक्षा कमी प्रतिष्ठेचे नसेल. हे नुसते सांत्वन नव्हते. तिला मागणी घालणारा दुसरा एक जण खरोखर तयार होता. व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर हा सल्ला चोख होता, आणि तो देणाऱ्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरा मार्ग थांबण्याचा होता. दरबारी दुखवटा चालू होता. लग्न पुढे ढकलण्यासाठी कुणालाही खटकणार नाही असे कारण हातात होते. चार महिने थांबले असते तर डोल्गोरुकोव्हांचे भवितव्य उघड झाले असते आणि मोडते घेण्याची नामुष्कीही टळली असती. तिच्या लिखाणात या मार्गाचा विचार कुठेच दिसत नाही, आणि मला हे महत्त्वाचे वाटते. प्रश्न तिच्यापुढे आला तो ‘हो’ की ‘नाही’ अशा स्वरूपात. मध्ये वेळ घेता येईल हे सुचवणारे माणूस तिच्याजवळ नव्हते.

तिसरा मार्ग ठरल्याप्रमाणे लग्न करण्याचा. यासाठी तिने दिलेले कारण साधे आहे: तो मोठा होता तेव्हा आनंदाने होकार दिला, आणि आता तो संकटात आहे म्हणून नकार द्यायचा, हे तिच्या सदसद्विवेकाला पटेना. यात प्रेमापेक्षा अब्रूचा विचार पुढे आहे. आईच्या निधनानंतर ती नाव जपण्यासाठी मुद्दाम लोकांत मिसळत नसे, करमणुकीला जात नसे. अशा मुलीने दिलेला शब्द फिरवणे हे तिच्या दृष्टीने तिने तोवर जपलेले सगळेच गमावणे होते. इव्हान येऊन तिच्याजवळ रडत असे, आणि कालपर्यंत मागेपुढे करणारे मित्र कसे दूर झाले ते सांगत असे. मरणाशिवाय काही आपल्याला वेगळे करणार नाही, असा शब्द दोघांनी एकमेकांना दिला.

निर्णय आणि अंमल

लग्न एप्रिल 1730 मध्ये, मॉस्कोबाहेर डोल्गोरुकोव्हांच्या गोरेन्की या गावी झाले. थोरला भाऊ देवींनी अंथरुणाला खिळला होता. धाकट्याचा तिच्यावर जीव होता, पण त्याला अजून देवी येऊन गेल्या नव्हत्या, म्हणून त्याला संसर्ग लागू नये यासाठी वेगळ्या घरात ठेवले होते. बाकीचे नातलग आलेच नाहीत. वधूला पोचवायला नात्यातल्या दोन म्हाताऱ्या बायका तेवढ्या निघाल्या. साडेतीन महिन्यांपूर्वी ज्या मुलीच्या वाङ्निश्चयाला सम्राट उभा होता, तिच्या लग्नाला तिच्या माहेरचे एवढेच माणूस होते.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवे जोडपे रिवाजाप्रमाणे नातेवाइकांच्या भेटींना निघण्याच्या तयारीत होते, तेव्हा सिनेटचा चिटणीस हुकूम घेऊन आला: तीन दिवसांत निघून पेन्झाकडच्या दूरच्या गावांत राहायचे. इथे दुसरा निर्णयबिंदू येतो. मोठ्या निर्णयाच्या सावलीत तो हरवून जातो, म्हणून थोडे थांबून पाहू.

घरात बांधाबांध सुरू झाली. सासू आणि नणंदा हिरे, दागिने, लहानसहान मौल्यवान वस्तू लपवत होत्या. नताल्याने जवळजवळ सगळे भावाकडे पाठवून दिले. इतके सामान कशाला लागेल, थोड्याच दिवसांत परत येऊ, असा तिचा हिशेब होता. नवऱ्यासाठी मेंढीच्या कातड्याचा एक डगला, स्वतःसाठी एक कोट आणि सम्राटाच्या सुतकात घातलेला काळा पोशाख, एवढे तिने ठेवले. भावाने वाटखर्चासाठी हजार रूबल धाडले. तिने त्यातले चारशे घेऊन बाकीचे परत केले. निघाल्यावर तिला कळले की प्रवासाचा खर्च सामायिक नाही आणि प्रत्येकाने आपापला भागवायचा आहे. सासरच्यांपैकी कुणी तिला हे आधी सांगितले नाही, आणि विचारायला हवे हे तिला सुचले नाही. सहा दिवसांपूर्वी सासरी आलेल्या मुलीकडून ती अपेक्षाही ठेवता येत नाही.

एप्रिलच्या चिखलातून आणि पुरातून प्रवास रेंगाळत चालला. सासऱ्यांना शिकारीचा नाद. वाटेत ते कुत्री घेऊन रानात जात. हद्दपारीवर निघालेल्या माणसाने शिकारीसाठी मुक्काम वाढवावा, यावरून घरच्यांना अजून परिस्थितीचे किती भान होते ते दिसते. पुढे एक अधिकारी शिपायांसह येऊन त्यांना गाठून थांबला आणि नवा हुकूम वाचला गेला: आता जायचे ते बेर्योझोव्हला. नताल्याला सांभाळणारी परदेशी बाई तोवर सोबत आली होती. तिला पुढे जाऊ दिले नाही.

त्यानंतरचा मोठा प्रवास नदीमार्गाने झाला. वाटेत नताल्याने काही पैशांना एक जिवंत स्टर्जन मासा विकत घेतला, त्याला दोरी बांधली आणि नावेशेजारी पाण्यात सोडला, म्हणजे कैदेत आपण एकटी नसू. सोळा वर्षांच्या मुलीचा हा खेळ तिने त्रेपन्नाव्या वर्षी आठवून लिहिला.

परिणाम

बेर्योझोव्ह टोबोल्स्कच्या बरेच उत्तरेला, ओब नदीच्या खोऱ्यात आहे. तिथल्या तटबंदीच्या आवारात इव्हान आणि नताल्याच्या वाट्याला लाकडे साठवण्याची एक वखार आली. मध्ये आडभिंत घालून ती राहण्याजोगी केलेली होती. सासू पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारली, सासरा 1734 मध्ये. 1731 मध्ये मिखाईल हा मुलगा झाला. कुटुंबात भांडणे इतकी चालत की आपसांतले तंटे आणि अनुचित बोलणे बंद करावे अशी ताकीद राजधानीतून आली.

पहिली काही वर्षे पहारा सैल होता. इव्हान माणसात रमणारा होता आणि पिण्याचा शौकीनही होता. गावातले अधिकारी, धर्मगुरू आणि उत्तरेच्या सागरी मोहिमेवरचा लेफ्टनंट दिमित्री ओव्ह्त्सिन यांच्याशी त्याचे जमले. याच बैठकांत तो सम्राज्ञीविषयी आणि तिच्या मर्जीतल्या बिरोनविषयी बोलू नये ते बोलत असे. टोबोल्स्कचा तिशिन नावाचा कारकून एकातेरिनाशी दारूच्या नशेत अतिप्रसंग करायला गेला. ओव्ह्त्सिनने त्याला बडवले, आणि तिशिनने सूड म्हणून सरकारात चुगली केली. 1738 मध्ये उशाकोव्ह नावाचा कप्तान आला. तो डोल्गोरुकोव्हांची स्थिती सुधारायला आलेला आहे असे भासवून गावात सगळ्यांशी गोड बोलला आणि माहिती गोळा करून गेला. पाठोपाठ इव्हानला वेगळे कोंडण्यात आले आणि एका रात्री गुपचूप नेण्यात आले. त्याच वर्षी नताल्याचा दुसरा मुलगा दिमित्री जन्मला.

छळाखाली इव्हानने खोट्या मृत्युपत्राची कथा सांगून टाकली. 8 नोव्हेंबर 1739 रोजी नोव्हगोरोदजवळ त्याला हालहाल करून ठार मारण्यात आले, आणि त्याच्या जबाबामुळे घराण्यातल्या आणखी तिघांचा शिरच्छेद झाला. ओव्ह्त्सिनची पदवी काढून त्याला साधा खलाशी म्हणून बेरिंगच्या मोहिमेवर पाठवले. ती मोहीम अनेकांचा जीव घेणारी ठरली, तो वाचला.

नताल्याला दोन मुलांसह मॉस्कोला परतण्याची परवानगी मिळाली. ऑक्टोबर 1740 मध्ये ती पोचली त्याच सुमारास अ‍ॅना वारली. नताल्याचे वय सव्वीस होते. पुढे पीटर द ग्रेटची मुलगी एलिझाबेथ गादीवर आली आणि डोल्गोरुकोव्हांवरची अवकृपा संपली. दरबारात परतायचे ठरवले असते तर शेरेमेतेव्ह नावाला दार उघडेच होते. तिने दरबारही घेतला नाही आणि दुसरे लग्नही केले नाही, मुले वाढवली. दिमित्री मनाने आजारी होता. थोरल्याचा संसार मार्गी लागल्यावर 1758 मध्ये तिने कीव्हच्या फ्लोरोव्स्की मठात दीक्षा घेतली आणि नेक्तारिया हे नाव धारण केले. लग्नाची अंगठी तिने त्या वेळी नीपर नदीत टाकली अशी आख्यायिका आहे. मुलाच्या आणि सुनेच्या आग्रहावरून 1767 मध्ये तिने आठवणी लिहायला घेतल्या. रशियन स्त्रीने लिहिलेल्या आत्मकथनांत त्या सर्वांत जुन्यांपैकी मानल्या जातात. त्या बेर्योझोव्हला पोचण्यापाशीच थांबतात. दिमित्री 1769 मध्ये गेला, ती 1771 मध्ये.

वेगळे काय करता आले असते

लग्नाचा निर्णय चुकला का, हा प्रश्न वाचक पहिल्यांदा विचारतो, आणि माझ्या मते तो या प्रकरणातला सर्वांत कमी उपयोगाचा प्रश्न आहे. तिने धोका ओळखला, पर्याय ऐकले आणि कारण देऊन निवड केली. तिला जे ठाऊक होते त्याच्या मर्यादेत हा निर्णय सुसंगत होता. ज्याने तिला अर्धीच माहिती दिली तो इव्हान होता. खोट्या सहीची गोष्ट त्याने लग्नाआधी सांगितली असती तर ती मागे फिरली असती असे नाही. पण मुलाबाळांचे आणि माहेरच्या आधाराचे काय, हा विचार तिला डोळे उघडे ठेवून करता आला असता. अशी गोष्ट सांगणे म्हणजे स्वतःचा जीव तिच्या हाती देणे होते, हेही खरेच. तरी तो गप्प राहिला आणि तिने दिलेला शब्द स्वीकारला, याची जबाबदारी त्याच्याकडेच जाते.

थांबण्याचा मार्ग मात्र गंभीरपणे तपासायला हवा होता. फेब्रुवारीअखेर अ‍ॅनाने अटी फाडल्या आणि एप्रिलमध्ये हुकूम निघाला. लग्न जूनपर्यंत लांबले असते तर हद्दपारीच्या वेळी ती कायद्याने बाहेरची राहिली असती. मग तिला जायचेच असते तर पैसे, कपडे, चाकरमाणसे आणि भावाशी नीट ठरवलेली व्यवस्था घेऊन जाता आले असते. सायबेरियात गेलेल्या माणसाचा जगण्याचा दर्जा मॉस्कोतून काय आणि किती पोचते यावर ठरत असे. तिच्याजवळ चारशे रूबल होते, आणि भावाकडे राहिलेले सहाशे मागवायला पुढे वाट नव्हती. इथे तिच्यापेक्षा माहेरच्या वडीलधाऱ्यांची चूक मोठी आहे. नकार द्यायला सांगण्यासाठी ते सकाळी पहिल्या प्रहरी हजर झाले. तिने ऐकले नाही तेव्हा मात्र तिच्या ‘हो’मधून वाट काढून देण्याऐवजी त्यांनी लग्नाकडे पाठ फिरवली. आपला सल्ला न मानणाऱ्याला पुढचा सल्ला द्यायचा नाही, ही वृत्ती कुटुंबात नेहमी आढळते, आणि तिचा फटका बहुधा वयाने लहान असलेल्याला बसतो.

आणि 1738 ची पडझड 1730 च्या लग्नातून निघाली नव्हती. तोवर आठ वर्षे गेली होती, पहारेकरी ओळखीचे झाले होते, आणि अ‍ॅनानंतर क्षमा मिळण्याची शक्यता दरबारी रिवाजाप्रमाणे चांगली होती. नव्या राज्यकर्त्याने जुन्याचे हद्दपार परत बोलावणे हे त्या काळी वरचेवर घडत असे. इव्हानने बैठकीत जीभ आवरली असती, एकातेरिनाभोवतीचे भांडण घरातल्या घरात मिटवले असते, आणि कारकुनाला मारण्याऐवजी टाळले असते, तर तो 1740 मध्ये बायकोबरोबर परतला असता अशी बरीच शक्यता होती. नताल्याच्या हातात यातले फारसे काही नव्हते. नवऱ्याने कुणाबरोबर प्यावे आणि काय बोलावे हे तिला ठरवता येत नव्हते, आणि सासरच्या त्या घरात ती शेवटची आलेली होती.